कांडी कोणी भरली

सकाळी सहा

आंधळगावात लवकर पोचलेले बरे. शेतावर जाणारे आठच्या आत घर सोडतात, तुमसर-वरठीला कामाला जाणारे त्याच्याही आधी. दुपारी गेलात तर अर्ध्या घरांना कुलूप. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. भंडारा जिल्ह्यातल्या विणकर गावांची जुनी माहिती जमवायचे काम मी आपण होऊन अंगावर घेतले आहे. त्याला पगार नाही, त्यामुळे सुट्टीही नाही. पिशवीत दोन वह्या, मोजायची टेप, भिंग, मोबाइल आणि पाण्याची बाटली एवढेच सामान.

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये भंडारा, पवनी, मोहाडी आणि आंधळगाव ही चार नावे रेशीमकाठी सुती कापडासाठी एका ओळीत येतात. पहिली तीन आज तालुक्याची ठिकाणे आहेत. आंधळगाव मोहाडी तालुक्यातले एक गाव म्हणून राहिले. माझ्यासारख्याला तेच सोयीचे, कारण जुन्या घरांवर इथे नवे थर कमी चढले आहेत. बहुतेक घरांतले माग मात्र उठले.

साडेसहा

कोष्ट्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, वस्तीतली गल्ली टेपने मोजत होतो. एक पोरगा दात घासत विचारतो, "गुरुजी, रोड वाढवून रायले का?" मी नाही म्हटले तर त्याचा विश्वास बसला नाही. टेप घेऊन आलेला माणूस या भागात नेहमी काहीतरी पाडायलाच येतो.

मला रस्त्याची रुंदी नको होती, सरळ लांबी हवी होती. लुगडे नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि एका ताण्यात (उभ्या धाग्यांत) एक लुगडे नसते, अनेक असतात. एवढा लांब ताणा घरात मावत नाही. तो गल्लीत ताणून बांबूच्या कैच्यांवर चढवायचा, त्याला तांदळाच्या पेजेची खळ द्यायची आणि लांब कुंच्याने ओढत ओढत धागा न् धागा सुटा करायचा. याला पांजण म्हणतात. ऊन चढले की खळ धाग्यावरच कडक होते, वारा सुटला की धागे एकमेकांना बिलगतात. म्हणून हे काम भल्या पहाटेचे. दोन्ही अंगांनी माणसे लागत. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको, आणि टोकाला शेजारी, कारण उद्या त्याच्या ताण्याला यांना जायचे असे. विणकरांच्या वस्तीत गल्ली सरळ आणि मोकळी का ठेवत, ते ताण्याची लांबी धरून चालत गेले की कळते. आता मधे नाली आहे, दोन मोटारसायकली आहेत आणि एका घराचा ओटा पुढे आला आहे. आज कोणी पांजण करायची म्हटली तरी जागा नाही.

सव्वासात

ओळखीच्या एका घरात मागाचा खड्डा पाहायला गेलो. पुढच्या खोलीत फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीपेक्षा वेगळ्या रंगाचा आहे, त्याखाली तो बुजवलेला. विणकर जमिनीच्या पातळीवर बसे, पाय खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्यांवर. खड्ड्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा होता. जमिनीतली ओल ताण्याला पोचते आणि धागा लवचीक राहतो. भंडाऱ्याच्या मे महिन्यात कोरड्या हवेने सूत तटातट तुटते, तेव्हा खड्ड्याच्या कडेला पाणी शिंपडून काम चाले. त्या चौकोनावर आज कूलर ठेवला आहे.

घरमालकाने खड्ड्याचे माप आठवणीने सांगितले. मग म्हणाला, "इथी बाबा बसेत." आई कुठे बसे, असे मी विचारले. त्याने खोलीभर पाहिले आणि म्हणाला, "ते तं अशीच, कुठी बी."

आठ

आता ज्या आजींकडे गेलो त्यांच्यासाठीच खरे तर आजची खेप. ऐंशी ओलांडलेल्या, ऐकू नीट येते, डोळ्यांनी कमी दिसते. नातसुनेने चहा ठेवला.

"आजी, तुमच्या घरी माग कोण चालवे?"

"बुढा."

"अन् तुम्ही काय करत होत्या?"

"म्या? काई नाई."

हे उत्तर मला गावोगाव मिळाले आहे. त्यामुळे मी आता बायांना कामाचे विचारत नाही, दिवसाचे विचारतो. उठल्यावर काय, मग काय, त्यानंतर काय. आजी सांगू लागल्या.

"सकारी उठलं का पेज शिजवाची. आपल्यासाठी नाई जी, ताण्यासाठी. मंग पांजणीले जावो. आलं का सैपाक. मंग लडी उकलो, परेत्यावर टाको, कांड्या भरो. बुढा जेवाले उठला का त्याले वाढो, अन् तेवढ्यात फनीतला तुटला धागा सांधो. मंग परत कांड्या. दिवाबत्ती झाली का कोसा."

"आणखी काही?"

"नाई. बाकी काई नाई."

कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची बारीक नळी. आडवा धागा, म्हणजे बाणा, तिच्यातून सुटतो. लडी परेत्यावर चढवून तिचे टोक रहाटाच्या चातीवरल्या नळीला द्यायचे. उजव्या हाताने रहाट फिरवायचा, डाव्या हाताची दोन बोटे धाग्याला वाट दाखवतात. आजींनी हे रिकाम्या हातांनी करून दाखवले. डावा अंगठा आणि तर्जनी सारखी पुढे-मागे सरकत होती. नळीच्या बुडाला जास्त वेळ, टोकाला कमी, म्हणजे कांडी बुडाशी जाड आणि वर निमुळती होते. मी विचारले, सैल भरली तर? "सैल भरली तं धोट्यात गुतते, अन् घट्ट भरली तं धागा तुटते. दोनी बार बुढ्याच्या शिव्या मलेच." मग धागा सांधून दाखवा म्हटले. नातसुनेने शिवणाचा दोरा दिला. आजींनी बोट जिभेला लावले, दोन टोके एकमेकांवर ठेवली, काहीतरी केले, आणि गाठ पडलेली होती. मी भिंगातून पाहिली. फणीच्या दोन दातांमधून जाईल इतकी बारीक. डोळ्यांना दिसत नसलेल्या बाईने बांधलेली. दुसऱ्यांदा सावकाश बांधायला सांगितली तर त्यांना ती जमेना. सावकाश कधी बांधलीच नव्हती.

कोशाचे काम रात्रीचे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवणारे ढिवर कोसा विकायला आणत. तो उकळून मऊ करायचा, मग त्याचा धागा उघड्या मांडीवर वळून काढायचा. मांडीची कातडी सोलून निघे, असे आजी सांगत होत्या, तेव्हा नातसुनेने ताटातले वांगे चिरायचे थांबवले. तिलाही हे नवीन होते.

साडेदहा

शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्यासमोर बसून पाहायचे, नावे उतरवायची नाहीत, असा आमचा करार आहे. मी रकाने पाहतो. मुलाचे नाव, बापाचे नाव, जात, बापाचा धंदा. धंद्याच्या रकान्यात आधी "विणकाम" आणि "माग" पुन्हा पुन्हा येते, पाने उलटत गेले की "मजुरी" वाढत जाते. एका गावाचा माग कसा उठला हे पाहायला दुसरा एवढा स्वस्त कागद नाही. पण आईचा धंदा हा रकानाच नाही. आईचे नावही नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव वडिलांच्या आधी लिहायचे ठरले, ते चांगले झाले. तिच्या कामाचा रकाना अजून यायचा आहे.

इंग्रजांच्या जनगणनेने हाच घोळ मोठ्या प्रमाणावर केला. १९०१ साली माणसे प्रत्यक्ष काम करणारी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली अशी दोन गटांत मोजली. कांडी भरणारी बायको, परेता फिरवणारी पोरगी कोणत्या गटात जात असणार ते उघड आहे. मागावरचा एक माणूस विणकर, आणि त्याच्या मागाला सूत पुरवणारे घर त्याच्यावर अवलंबून! माझ्या मते ही नोंद उलटी आहे. कांड्या नसतील तर मागावरचा माणूस अर्ध्या तासात रिकामा.

बारा

शाळेच्या फाटकाशी एक गृहस्थ वाट पाहत होते. हातात साडीचे पुठ्ठ्याचे खोके. "गुरुजी, पन्नासच्या आधीचा कागद कुठी भेटन का?" गावात मी इतिहास जमवतो ही बातमी अशीच पोचलेली आहे. खोक्यात आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल नोंदवहीचा उतारा, खासऱ्याची नक्कल, सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत.

नागपूर-भंडाऱ्याकडच्या विणकर घरांत हा प्रश्न तीन पिढ्या चालू आहे. अनुसूचित जमातींचा आदेश १९५० चा, म्हणून त्याआधीच्या कागदावर "हलबा" आहे की "कोष्टी" यावर पोरांच्या नोकऱ्या लटकल्या. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की आदेशात जे लिहिले आहे तेच धरायचे, हलबा-कोष्टी हे हलबा या नोंदीत येत नाहीत. त्याच न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अनेकांना अधिसंख्य, म्हणजे तात्पुरत्या जादा, पदांवर जावे लागले. कोण बरोबर, यावर मी इथे बोलणार नाही. पण विणकरांच्या गावांचा जो काही लेखी इतिहास घराघरांत जपलेला सापडतो, तो या पडताळणीपोटी जपलेला आहे. मागाचे सुटे भाग लोकांनी चुलीत घातले, सुताच्या पावत्या रद्दीत दिल्या, हिशेबाच्या वह्या वाळवीने खाल्ल्या. जातीचा शब्द असलेला कागद मात्र प्लॅस्टिकमध्ये आहे. त्या गृहस्थांना मोहाडीच्या तहसील कार्यालयात अभिलेखाच्या खोलीत काय मागायचे ते लिहून दिले. खोक्यातला एक कागद मला हवा होता, आजोबांनी कापडाच्या सावकाराला लिहून दिलेली चिठ्ठी. त्यावर जात नाही, म्हणून ती खोक्यात सगळ्यात खाली, दुमडलेली.

एक

भात, वरण, आंब्याचे लोणचे. ओळखीच्या घरी. पंधरा मिनिटांत आटोपले.

दीड

माग चालवून उतरलेल्या एका काकांबरोबर पारावर. हे बोलके आहेत, त्यामुळे वहीची पाने भराभर सरतात. त्यांनी जे सांगितले ते मी जुन्या घटनांशी लावून पाहतो.

नागपूरकर भोसल्यांच्या दरबाराला पागोटी, उपरणी, रेशीमकाठी धोतरे लागत, त्यातून या भागाचे बारीक विणकाम वाढले. १८५४ ला नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दरबारी गिऱ्हाईक गेले. १८६७ ला रेल्वे नागपुरात आली. त्याच सुमारास मध्य प्रांत-वऱ्हाडाचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक उघड हिशेब मांडत होता की विलायती कापड स्वस्त झाले तर इथला कापूस इथे विणला जाणार नाही, बाहेर जाईल, आणि विणकर शेतात कामाला येतील. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. इतके झाल्यावर आंधळगावसारख्या गावाने बसायला हवे होते, पण ते बसले नाही. गिरणीने सूत स्वस्त केले, हातमागाने ते सूत घेतले, आणि गिरणीला जो रेशमी काठ जमत नव्हता तो विणून लुगडी विकली. गिरणी आली आणि हातमाग मेला, ही आपल्या पाठ्यपुस्तकांतली गोष्ट इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या वस्त्यांना जास्त मारले असणार, कारण शेतकऱ्याचे पीक गेले की तो आधी नवे लुगडे घ्यायचे थांबवतो.

मग यंत्रमाग आले, नऊवारी गेली, सिंथेटिक साड्या आल्या. काकांच्या आठवणीत ठळक आहे ते "जनता". १९७१ साली स्थापन झालेले हातमाग महामंडळ नागपुरातून सूत देई आणि कापड घेऊन जाई. १९७६ पासून जनता कापडाची योजना आली, गरिबांसाठी स्वस्त धोतर-साडी.

"सूत तेच देत, कापड तेच नेत. डोकं लावाचं काम नोव्हतं जी. पोट भरे."

"आणि करवतकाठी साडी?"

"करवतीले टाइम लागते. जनता धडाधड निंघे."

वीस वर्षे धडाधड निघाली. नव्वदीत योजना गुंडाळली तेव्हा जाड्याभरड्या धोतरावर हात बसलेली एक पिढी रिकामी झाली. काही धोतरे आणि साड्या फक्त हातमागावरच विणाव्यात असा कायदा संसदेने १९८५ साली केला होता, यंत्रमागवाल्यांनी तो कोर्टात अडकवला, आणि १९९३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला तरी राखीव वस्तूंची यादी पुढे २२ वरून ११ वर आली. जनता योजनेने घरे जगवली हे खरे. तिने बारीक काम मोडले हेही खरे, आणि सरकारी अहवालांत पहिलेच वाक्य तेवढे येते.

साडेतीन

ज्या घरात माग अजून चालतो तिथे. कोशाची करवतकाठी साडी अर्ध्यावर आली आहे. अंगाला कोशाचा मातकट पिवळा रंग, काठ लाल. इथे धोटे तीन. मधला अंगाचा, आणि दोन्ही काठांना एकेक. प्रत्येक फेरीला अंगाचा धागा आणि काठाचा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, तेव्हा त्या जोडावर करवतीच्या दातांसारखी नक्षी उठते. यंत्राला एक धोटा इकडून तिकडे फेकायला सोपा, हे थांबून अडकवणे अवघड. ही साडी टिकली ती या थांबण्यामुळे. तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, खण आणि घोंगडीबरोबर तिचे नाव आहे.

मागावर बसलेला माणूस चाळिशीचा. त्याच्या मागे, भिंतीला टेकून, त्याची बायको तीन धोट्यांच्या कांड्या वेगवेगळ्या ठेवत होती. त्यातली एक संपत आली की तो न वळता डावा हात मागे करतो आणि भरलेली कांडी हातात येते. मी फोटो काढतो म्हटले, तर तिने खुर्ची सरकवली आणि चौकटीतून बाहेर झाली. "त्यायचा काढा." मी दोघांचा मागितला. ती हसली, पण आली नाही. शेवटी तिच्या हातातल्या कांडीचा आणि त्याच्या मागे आलेल्या पंज्याचा काढला, दोघांना विचारून.

पाच

दिवसभर मनात असलेला प्रश्न आता. कांडीला दर होता का?

घरातल्या बाईला कोणी दर दिला नाही, त्यामुळे तिला विचारून उपयोग नसतो. पण प्रत्येक घरात बाई असेलच असे नाही. कोणाची बायको वारलेली, कोणाची बाळंतपणाला माहेरी, कोणाचे लग्नच झालेले नाही. त्याचा माग कसा चाले? शेजारची विधवा, नाहीतर कमी मागांच्या घरातली पोरगी कांड्या भरून देई, आणि तिला पैसे मिळत. म्हणजे कामाची किंमत गावाला ठाऊक होती. ती फक्त घराबाहेर मोजली जाई.

वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींनी असे काम केले आहे. त्यांच्या आईनेही केले. आठवड्याला हिशेब, कधी पैसे, कधी तांदूळ. आकडा त्यांनी सांगितला, पण साल सांगता येईना. आम्ही दोघांनी मिळून ते शोधले. तेव्हा थोरला जन्मला होता का? नाही. लग्न झाले होते? झाले होते. बिडी सुरू झाली होती? नाही, बिडी नंतर.

या बिडीमुळेच मला साल शोधायची वाट सापडली. माग उठले तशा विणकर घरांतल्या बाया बिड्या वळायला लागल्या. भंडारा-गोंदियाकडे तेंदूपान उदंड. बिडीचा दर हजारी असतो, कार्ड असते, १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आहे. मावशींनी ट्रंकेतून बिडीचे कार्ड काढून दाखवले. तीस वर्षे कांडी भरली त्याचा एक चिटोरा नाही, बिडीला मात्र फोटोसकट ओळखपत्र. मावशींना त्यात विशेष काही वाटले नाही. त्यांचे म्हणणे, बिडीचा सेठ परका होता, म्हणून कागद लागला. मी ते वाक्य तसेच उतरवले.

साडेसात, घरी

नोंदी त्याच दिवशी साफ लिहायच्या, दुसऱ्या दिवशी माझे अक्षर मलाच लागत नाही. वहीत तीन रकाने केले आहेत. मागावरचे काम, मागाबाहेरचे काम, आणि बाहेरच्याकडून करून घेतले तर दर. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब झाला आहे. पेज, पांजण, लडी उकलणे, परेता, कांडी, सांधणे, कोसा, घडी. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार मोजले, त्यांत ७२ टक्क्यांच्या आसपास बाया, आणि विणकरांखेरीज पूरक कामे करणारे वेगळे धरले, सुमारे साडेआठ लाख. म्हणजे सरकारने उशिरा का होईना मोजायला सुरुवात केली. आंधळगावच्या ज्या बायांनी १९५० आणि ६० च्या दशकांत कांड्या भरल्या, त्या या गणनेच्या आधीच घरी बसल्या होत्या.

तिसरा रकाना जवळजवळ कोरा आहे. तो एकट्याने भरणार नाही. नागपूर, उमरेड, पवनी, मोहाडी, कुठल्याही विणकर घरातले तुम्ही असाल, आणि घरात कांडी भरलेली आजी, मावशी, आत्या असेल, तर तिला मागाबद्दल विचारू नका, ती आजोबांचेच सांगेल. दुसऱ्याच्या घरच्या कांड्या भरल्या तेव्हा काय मिळायचे ते विचारा. पैसे सांगेल की तांदूळ, ते जसेच्या तसे लिहा, आणि शेजारी साल टाका. साल आठवत नसेल तर कोणत्या पोराच्या जन्माआधी की नंतर, एवढे लिहिले तरी पुरते.